विड्याच्या देठाची चव

मी, सीतालक्ष्मी सेतूराव, वय एकसष्ट, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम्, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी शिकवले नाही, कोणी भरीस घातले नाही. मूलबाळ नाही.

१. माझे यजमान सेतूराव बेंगळुरूजवळच्या एका वाइन कारखान्यात सव्वीस वर्षे चव घेण्याच्या कामावर होते. दिवसाला तीस-तीस पेले तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकायचे. त्या कामात गिळणे ही चूक धरतात. ते हृदयविकाराने गेले. दहाव्या दिवशी थोरले दीर शामसुंदरराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बाटलीनं नेलं त्याला." मठातले भजन तेच चालवतात. तिथे यजमानांच्या नावाने एक अभंगही त्यांनी म्हणू दिला नाही.

२. बँकेतली ठेव व माझे दागिने नणंदेची मुलगी गायत्री हिला द्यावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती यजमानांना कॉफी करून देई आणि आज डिकॉक्शन कसे उतरले हे विचारी. त्यांच्या जिभेला नात्यात दुसऱ्या कोणी कधी काही विचारले नाही.

३. निवृत्तीच्या वेळी त्यांनीच जुळवलेल्या तांबड्या वाइनच्या दोन बाटल्या कारखान्याने दिल्या. साठ भाग कॅबर्नेट सोव्हिन्यॉन, तीस मेर्लो, दहा कॅबर्नेट फ्राँक, अशी तीन जातींची द्राक्षे. पहिली आम्ही दोघांनी उघडली. पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, पेला तिरका धरून कडेचा रंग पाहायचा, मग न हलवता वास, मग हलवून, असे त्यांनी मला शिकवले. कॅबर्नेट म्हणजे हाडे, मेर्लो मांस, फ्राँक नुसता हिरवा वास, असे ते सांगत. मला जांभूळ लागले, मिरी लागली, कच्च्या सुपारीने आवळते तसे तोंड आवळले. ते म्हणाले, "शेवटचं एक राहिलं. घाई नको, दुसऱ्या बाटलीत सापडेल." ते काय, हे वहीत लिहून त्यांनी ते पान चिकटवून टाकले. दुसरी बाटली लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी ठेवली होती. त्याच्या दोन महिने आधी ते गेले.

४. सुतकात, ती बाटली ठेवलेल्या कपाटाच्या किल्ल्या शामसुंदररावांकडे होत्या. महिन्याभराने बाटलीचे बूच आपोआप उडाले. आत द्राक्षाचा गोड रस होता, आंबलेला. जुनी वाइन अशी उडत नाही, हे भरणाऱ्याला माहीत नसावे. पुरावा नव्हता, म्हणून मी कोणावर आळ घेतला नाही. वर्षश्राद्धाला जेवणानंतर पान लावता लावता शामसुंदरराव हसून म्हणाले, "काय ती सेतूची वाइन, सीता? शेवटी तोंडात विड्याच्या पानाचा देठच उरतो म्हणे. त्यासाठी कशाला जन्म घालवला त्यानं?"

मी आत गेले आणि वहीचे पान सोडवले. यजमानांनी लिहिले होते: "अगदी शेवटी, बऱ्याच वेळाने, आमच्या कुंभकोणम्‌च्या विड्याच्या पानाचा देठ." ते पान तोवर मीही वाचले नव्हते.

५. राहते घर माझ्या नावावर आहे. ते घराण्यातच राहावे असे शामसुंदरराव वर्षभर सुचवत आले आहेत. मला मान्य आहे. घर त्यांना द्यावे, अट एकच. माझ्या तेराव्यानंतर येणाऱ्या पहिल्या एकादशीला, मठात, भजनापूर्वी, सर्वांसमोर त्यांनी सांगावे की ती बाटली केव्हा उघडली, कशात ओतून प्यायली आणि ती कशी लागली. रंग, वास, शेवट, सगळे. गायत्रीने वहीशी ताडून पाहावे. मग सेतूरावांच्या नावाने एक अभंग म्हणावा. ते गप्प राहिले, तर घर गायत्रीचे. मग त्यांचा त्यावर काही हक्क नाही.

६. यजमानांची पितळी पिकदाणी मात्र शामसुंदररावांना बिनशर्त द्यावी. घासून द्यावी.

तो देठ मला कधीच लागला नाही. या घराण्यात तो दोनच जिभांना लागला. एक गेली. दुसरीने बोलावे.

मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली.

सीतालक्ष्मी सेतूराव

साक्षीदार:
१. शिवप्रसाद, निवृत्त शिक्षक, मेलकावेरी (सही)
२. शिवकामी, शेजारीण, मेलकावेरी (सही)

कुंभकोणम्, ९ जून २०२४