चिचुंद्रीची भूक

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या चिचुंद्रीचा मला अजून राग येतो. घराच्या कोपऱ्यातून धावते ती थोराड, वासाची चिचुंद्री नव्हे. तुमची रानातली होती, अंगठ्याएवढी, राखी. डोळे नावालाच, सगळं जग नाकानं शोधणारी. तिला उंदीर म्हटलेलं तुम्हाला खपत नसे. "उंदीर दाणे खाते. हे किडे खाते, कास्तकाराची सोबतीण आहे," असं तुम्ही कॉलेजातल्या पोरांना शिकवायचात आणि जेवताना मलाही. तेव्हा तुमच्या आवाजात येणारी माया माझ्या वाट्याला कधी आली नाही. बोरगावच्या बांधावर तुम्ही डालड्याचे रिकामे डबे तोंडापर्यंत पुरून ठेवायचात. किडे हुंगत फिरताना ती आत पडायची. तुम्ही तिला न्याहाळून, मोजून सोडून द्यायचात. आई भाकरी थापता थापता म्हणते, "पोरीचे बाप का चिचुंद्रीचे, एक डाव सांगून टाका न!" तुम्ही हसता. मी हसत नाही.

दुष्काळाच्या सालातली ती वर्ध्याची वक्तृत्व स्पर्धा. विषय भूक. तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात, पहिल्यांदाच. मी टेबलावर मूठ आपटून म्हणते, "भुकेला उद्या चालत नाही!" आणि तुम्ही ताडकन उठून दाराकडे धावता. मी आवाज चढवला. तुम्ही वळून पाहिलं नाहीत.

संध्याकाळी तुम्ही अंगणात, हातात डबा, चेहरा फुललेला. "वाचली माय! सकाळी डब्याईवर झाकणं लावाची राहून गेलती, अन् हे आत पडून होती. जराशी उपाशी राह्यली तरी मरते हे. तू भूक म्हटलं अन् मले आठवलं."

"म्हणजे माझं भाषण तिच्यासाठी होतं?"

"काऊन रागावतं? तू का मरून राह्यली होती?"

पुढे मी भाषणांनी किती मैदानं पेटवली. पण माझ्या एका वाक्यासरशी माणूस जागचा उठून धावला, असं एकदाच घडलं. आणि तो धावला तिच्याकडे.

मग डबा खाली ठेवून तुम्ही विचारलंत, "बरं, पुढं काय बोलली तू?" मी तोंड फिरवून घरात गेले. तुम्ही तिच्यासाठी नाकतोडे शोधायला लागलात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. मी दाराआडच उभी होते, बाबा. आणखी एकदा विचारलं असतंत, तर अख्खं भाषण पहिल्यापासून म्हणून दाखवलं असतं.