नऊ पावलं

तिरुवल्लिक्केणी, मद्रास
१४ फेब्रुवारी १९६१

प्रिय व्यासा,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेलं पत्र तू अर्धवट वाचून ठेवून देतोस, म्हणून राहू दिलं. हे पत्र तुला शेवटपर्यंत वाचायचं आहे. कॉफी पिऊन घे, पोरांना बाहेर पाठव आणि नीट बस.

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, इंग्रजीत, आणि माझ्या वाट्याला आलेली तिसरी कार्बन प्रत. अक्षरं इतकी फिकट की खिडकीशी जाऊन वाचावं लागलं. सख्ख्या बहिणीला इंग्रजीत पत्र! आपण मराठी बोलतो म्हणून शाळेत पोरं चिडवायची, तेव्हा दगड घेऊन त्यांच्या मागे धावणारा तू. पण ते असो. पहिली प्रत मामांना गेली असणार, दुसरी धाकट्या कुमुदिनीला. मोठ्या बहिणीला तिसरी. क्रम बरोबर लावलास.

त्या पत्रात तू काय लिहिलंस हे तुला आठवतंय का? मूर मार्केटमध्ये लढाईतलं, सुरुंग शोधायचं जुनं यंत्र कसं मिळालं, आवडी गावच्या तुझ्या सरकारी वर्कशॉपातल्या दोस्तांनी ते कसं दुरुस्त करून दिलं, त्याची थाळीसारखी चकती, खांद्याला लटकवायची बॅटरीची पेटी, कानाला लावायचे डबे, सगळं दीड पान. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुरसवाकमच्या घरामागे ते फिरवलंस, आधी खिळे निघाले, मग बैलाचा नाल निघाला, आणि मग धुण्याच्या दगडापाशी कानात असा आवाज घुमला की तू डबे काढून फेकलेस. दोन हात खणल्यावर आप्पांचा तांब्याचा गडू, तोंडावर लाखेचा थर तसाच, आत आजोबांपासून लक्ष्मीपूजेला मांडलेले राणीछाप चांदीचे रुपये, एकही कमी नाही. एकोणीस वर्षांनी घरची लक्ष्मी घरी आली, असं लिहिलंस. विज्ञानाचा विजय, असंही लिहिलंस. सगळं लिहिलंस. फक्त तुझ्या भावजींबद्दल चकार शब्द नाही. तीन वेळा वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

आणि वर रजिस्टर पार्सलने एक नाणं पाठवलंस, आप्पांचा आशीर्वाद म्हणून. हळद-कुंकू लावून! पुडी उघडली तर बोटं लाल झाली. व्यासा, गेल्या मार्चमध्ये हे गेले तेव्हा स्मशानात तू होतास. माझ्या घरात आता कुंकू कोणाला पाठवतोस? तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. तू कधीच काही मुद्दाम करत नाहीस, तुझ्या हातून ते नुसतं होतं, आणि भरायचं दुसऱ्यांनी.

आता मी सांगते, तू जे गाळलंस ते.

बेचाळीसच्या एप्रिलमध्ये जपानी बॉम्ब टाकणार म्हणून मद्रास रिकामं होत होतं. एगमोर स्टेशनवर माणसांच्या डोक्यावरून ट्रंका जात होत्या. आप्पांनी आपल्याला सगळ्यांना तंजावरला न्यायचं ठरवलं. यांना निघता येईना. तारखात्यातला माणूस, सरकार म्हणालं शेवटची तार जाईपर्यंत जागेवर राहायचं. तेव्हा आप्पांनीच यांना गळ घातली की तुम्ही पुरसवाकमच्या घरी राहा, घर सांभाळा. जिवावर उदार होऊन सांभाळा, असंच ना ते? पण गडू कुठे पुरला ते मात्र जावयाला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही, आईलाही नाही. ते फक्त मुलाला सांगायचं. हे तंजावरला श्रावणात आप्पा जाताना तुझ्या कानात सांगून गेले, आणि तू ते अठरा वर्षं ताईत जपावा तसं जपलंस. ते शब्द मला तुझ्या या पत्रातून पहिल्यांदा कळले : तुळशीपासून विहिरीकडे तोंड करून नऊ पावलं.

सहा-सात महिने हे एकटे त्या घरात राहिले. सायरन वाजला की जिन्याखाली जाऊन बसायचे. रसम-भात करून खायचे. कुलपाची किल्ली हरवू नये म्हणून जानव्याला बांधली होती, तिचा गंज छातीला लागून तिथे काळा डाग पडला होता. कार्तिकात आपण परत आलो तेव्हा हे किल्ली सोडून द्यायला लागले, तर आई म्हणाली, असू दे हो तुमच्यापाशी, तुम्ही काय परके आहात? आठवतं? मला आठवतं, कारण तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आप्पांचं वर्ष सुरू होतं, म्हणून पुरलेलं काढायचं नाही असं ठरलं. दुखवट्याच्या वर्षात लक्ष्मी बाहेर काढत नाहीत. पुढच्या श्रावणात वर्षश्राद्ध झालं, कुमुदिनीचं लग्न ठरलं, आणि तू पहार घेऊन मागे गेलास. मामा होते, कुमुदिनीच्या सासरची दोन माणसं होती, आई दारात बसली होती. तू पावलं मोजलीस आणि खणलंस. काही नाही. आणखी खणलंस. कमरेइतका खड्डा झाला. मग घाम पुसत तू वर आलास आणि सगळ्यांसमोर एकच वाक्य बोललास. तू यांना चोर म्हणाला नाहीस, ते मी मान्य करते. तू फक्त विचारलंस, की इतके दिवस किल्ली कोणाकडे होती?

मामांनी खोकल्यासारखं केलं. यांनी अंगरख्यात हात घातला, जानव्याची गाठ सोडवत बसले. ती सुटेना. मी बघत होते, मला पुढे होऊन सोडवता आली असती. शेवटी सुटली. किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, वहाणा घातल्या आणि भर दुपारी पुरसवाकमपासून तिरुवल्लिक्केणीपर्यंत चालत गेले. त्यानंतर त्या घरात त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. कुमुदिनीच्या लग्नाला आले, मागच्या रांगेत बसले. ते मांडवात शिरले तशी कोणीतरी चांदीची भांडी उचलून आतल्या खोलीत नेली. त्यांनी ते पाहिलं. मी पाहताना त्यांनी मला पाहिलं. आई त्याच समजुतीत गेली. तिला शेवटचं बघायला हे आले, तर तिने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, ज्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गडू सांगितल्या जागेपासून चौदा फूट लांब सापडला, याचं तू कारण दिलंयस की जुन्या लोकांचं म्हणणं खोटं नाही, पुरलेलं धन जमिनीखाली चालतं. इतकी वर्षं आवडीत तोफखान्याची यंत्रं दुरुस्त करतोस, विज्ञानाचा विजय लिहितोस, आणि धन चालतं?

धन चालत नाही रे. तुळस चालली.

आठव. आप्पांच्या वेळी तुळस पश्चिमेच्या भिंतीपाशी होती, विटांच्या जुन्या कट्ट्यावर, मातीच्या कुंडीत. बॉम्ब पडो की काही होवो, तुळशीला रोज पाणी आणि दिवा हवा म्हणून आईने ती कुंडीसकट तंजावरला नेली. गाडीत तिने ती मांडीवर घेतली होती आणि माझ्या चंद्रिकेला, दीड वर्षाच्या पोरीला, मी उभी राहून कडेवर घेतलं होतं. परत आलो त्या कार्तिकात पाऊस कोसळत होता, जुना कट्टा ढासळला होता. आईचे गुडघे आप्पांच्या मागे पार गेलेले. तूच म्हणालास, भिंतीपर्यंत कशाला जायचं तिने, स्वयंपाकघराच्या पायरीशीच ठेवू. कुंडी जड होती. एका बाजूने तू धरलीस. दुसऱ्या बाजूने मी. पुढे गवंड्याने तिथेच नवा कट्टा बांधला, जुन्या विटा उचलल्या, तिथे आईने जास्वंद लावली. आणि पुढच्या श्रावणात तू या नव्या जागेच्या तुळशीपासून नऊ पावलं मोजलीस.

परवा तू आवडीला गेलास तेव्हा मी पुरसवाकमला येऊन गेले. तुझ्या बायकोने, भवानीने, सांगितलं नसेल, मीच नको म्हटलं होतं. बिचारीने पाट मांडला, कॉफी केली. मी मागे गेले, जास्वंदीला पाठ लावून उभी राहिले आणि विहिरीकडे तोंड करून चालले. आप्पांची नऊ पावलं म्हणजे माझी अकरा. अकराव्याला माझा पाय तू खणलेल्या खड्ड्याच्या काठावर आला आणि माती आत घसरली. भवानी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती धावत आली आणि तिने मला धरलं. मी पडत नव्हते. मला ओरडायचं होतं, आणि परक्याच्या पोरीसमोर ओरडता येईना.

तुला हे आधी कधी सुचलं होतं का, गेल्या महिन्यात खड्ड्यात उभा असताना तरी सुचलं का, हे मी विचारणार नाही. प्रश्न विचारून काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी काय सांगते ते कर. फाल्गुनात यांचं वर्षश्राद्ध आहे, तिथी सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहे. तू ये. मामांना आण, कुमुदिनीला आण. जितक्या जणांसमोर तो प्रश्न विचारला होतास, त्यातले जितके जिवंत आहेत तितके आण. आणि पानं मांडायच्या आधी, उभं राहून, मराठीत, मोठ्याने म्हण की शेषगिरीरावांनी चोरी केली नव्हती. हो, नाव घेतलं मी. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा लाजून अर्धवट घेतलं होतं. आता घेते, कारण ते वाक्य नावाशिवाय अर्धं राहतं. मग तेच टाइप कर आणि जितक्या प्रती गडूच्या काढल्यास तितक्याच काढ. मला या वेळी पहिली प्रत हवी. तू आला नाहीस तर तुझं नाणं आणि या पत्राची नक्कल दोन्ही मी मामांना पाठवीन, आणि माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस.

इथेच सही करून पाकीट बंद करणार होते. पण तसं केलं तर मीही तुझ्यासारखंच एक पत्र लिहिलं असं होईल, हवं ते घालून आणि नको ते गाळून. तू तो प्रश्न विचारलास त्या दिवशी, यांच्यामागोमाग संध्याकाळी मी घरी आले. हे माडीच्या गॅलरीत बसले होते. मी कॉफीचा टंबलर समोर ठेवला आणि विचारलं की खरं सांगा, तुम्ही नाही ना घेतलं? एवढंच. यांनी माझ्याकडे बघितलं, टंबलर उचलला, आणि म्हणाले, उद्या लवकर ड्यूटी आहे. पुन्हा आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून हे ऑफिसातून आले की आधी फळीपाशी जायचे आणि खिसे रिकामे करायचे. रुमाल, पेन्सिल, ट्रामचं तिकीट, पुढे ट्राम बंद झाली तेव्हा बसचं. मग कोटाचे खिसे बाहेर उलटे काढून कोट खुंटीला लावायचे. रोज. साडेसोळा वर्षं, दवाखान्यात नेलं त्या दिवसापर्यंत. मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे की आमच्या घरात फार टापटीप आहे. ती टापटीप नव्हती, हे मला तुझी कार्बन प्रत खिडकीशी वाचताना कळलं. तुझं नाणं मी त्याच फळीवर ठेवलंय, कुंकू पुसून. तू ये, व्यासा. तुझं वाक्य तू म्हण, मग माझं मी म्हणेन. एकटीने म्हणायला गेल्या आठवड्यात रोज फळीपुढे उभी राहिले, माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कुंडी दोघांनी उचलली होती.

कितीही रागावले तरी तुझीच,
वसंताक्का