झाकणावर लिहिलेलं

३ मार्च, सोमवार

आज सोनं उधळलं. खरंखुरं, धुळीहून बारीक. त्या कणांना हिरवं चमकवणारं जनुक चिकटवलं आणि कण झाडायच्या बंदुकीने बुरशीच्या बीजाणूंवर मारलं. एका प्लेटीवर जनुकासकट. दुसरीवर नुसतं सोनं, तुलनेसाठी. ती 'साधी'. ही बुरशी एकटी जगत नाही, जिवंत मूळ लागतंच. म्हणून दोन्हींत गाजराची मुळं वाढवली आहेत. लाडोबा आहे नुसती. पण मला आवडते.

गाईड मॅडम दारातूनच म्हणाल्या, "सप्टेंबरअखेर बघू. नाही जमलं तर हे टेबल दुसऱ्याला. सात वर्षं पुष्कळ झाली गं."

६ मार्च

अकरा बीजाणू चमकले. हिरवे.

मॅडम: "पहिल्या पिढीत कोणीही चमकतं. मागच्या खेपेला बीजाणूंच्या कवचाची नैसर्गिक पिवळी चमक यश समजून केक वाटलास, आठवतंय ना?"

आठवतंय.

२० जून

लेकी आल्या, म्हणजे बीजाणूंची दुसरी पिढी! फिकट, पण हिरव्या. एकेका बीजाणूत शेकडो केंद्रकं. त्या गर्दीत नवं जनुक पिढीगणिक हरवत जातं, तीच तर भीती. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "लेकीत आईचं थोडं असतंच. नातीत उतरलं तर घराण्याचं म्हणायचं."

माझा सगळा प्रबंध एका वाक्यात. तोही भाजी निवडता निवडता.

दुपारी दोन्हींकडच्या लेकी नव्या प्लेटींत लावल्या.

११ सप्टेंबर

नाती आल्या. जनुकाच्या प्लेटीत अंधार. तासभर बघत बसले. मग हात धुतले आणि घरी आले.

१२ सप्टेंबर

उपचार म्हणून साधी प्लेट भिंगाखाली धरली.

हिरवं. पिवळं नाही — हिरवं.

"साधीत? आता गाजरांनाही केक का?" मॅडम हसत आल्या, वाकल्या, आणि हसायच्या थांबल्या. "नाव कुठे लिहिलंस?"

झाकणावर. तळावर नाही! नव्या मुलांना मीच दटावते — तळावर लिहा, झाकणं फिरतात. जूनमध्ये दोन्ही झाकणं शेजारी शेजारी काढून ठेवली होती मी.

अदलाबदल झाली असेल, तर नातीत उतरलंय. नसेल, तर मी पुन्हा फसले आहे. दोन्ही प्लेटींतल्या जनुकाची चाचणी लावली. मंगळवारी कळेल. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला धीर नाही. म्हणजे मला नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

'साधी'त जनुक आहे. दुसरीत नाही.

आईला म्हटलं, "नात झाली." तर म्हणते, "कुणावर गेली?"

या वेळी केक मॅडमनी आणला. संपल्यावर खोकं टाकायला उचललं. झाकण कोरं. तळाला त्यांच्या अक्षरात — 'टेबल तुझंच.'