पेटीतलं लिनन

९ फेब्रुवारी
तीर्थपुरीहून जाफराबादला परत. मेहुणा बुद्धभूषण, त्याचा साखरपुडा. मुलगी चांगली, जेवण चांगलं, दिवस वाईट. भर पंगतीत साडू संघपालने माझा शर्ट चिमटीत धरला. म्हणाला, "साडूभाऊ, हा पीस मीच आहेरात दिल्ता न्हाई का? सहा वर्षं झाले. फाटंना का? कंपनीला कळवा." सगळे हसले. ज्योत्स्ना माझी बायको, पण तीही. पदराआड, पण हसली.
मनात राग नाही. लग्न ११ मेला आहे, एवढं फक्त लिहून ठेवतो.

१० फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. लग्नात लिनन. संघपाल विचारील कुठून घेतलं. सांगणार नाही. हाच बदला.
आजपासून चहा बंद. शाळेच्या ऑफिसला पायी. रविवारचं मटण बंद. घरी कोलेस्टेरॉल सांगितलं.

१ मार्च
जालन्याला गेलो. जायचं होतं दाढेसाठी. ज्योत्स्नाने अंगणवाडीच्या मानधनातून बाजूला टाकून पैसे दिले होते. दातांच्या दवाखान्याखालीच कापडाचं दुकान. ओल्या वाळूच्या रंगाचं लिनन. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे सगळ्यांना कळत न्हाई." मला कळलं. जिना चढलो नाही. दाढ एक गेली तरी एकतीस उरतात.
घरी सांगितलं, दाढ भरली. ज्योत्स्नाने दोन दिवस पातळ खिचडी दिली. खाल्ली.

२ मार्च
कापड लोखंडी पेटीत ठेवलं, आहेरात आलेल्या पिसांच्या खाली. ते पीस कुणी शिवत नाही. एका लग्नात येतात, दुसऱ्या लग्नात जातात. आम्ही शिवला तो एकच, संघपालचा. तिथेच चुकलं. असो. पेटीत सुरक्षित आहे. तिथल्या कापडाकडे कुणी कापड म्हणून बघत नाही.

१५ मार्च
टेलर रामप्रसाद माप घ्यायला तयार होता. दिलं नाही. पोट आधी. या पोटाला लिनन म्हणजे कापडाचा अपमान. रात्रीची भाकरी बंद. उजवीकडून चावता येतच नाही, त्यामुळे सोपं जातं. दाढही साथ देते आहे.

१४ एप्रिल
जयंती. अख्खी गल्ली नव्या कपड्यांत. मी मागच्या वर्षीच्या पांढऱ्या शर्टात. ज्योत्स्ना म्हणाली, "जयंतीला बी नवं न्हाई? काय व्हऊन राह्यलं तुम्हाला?" साधेपणा, म्हणालो. मिरवणुकीतला डीजे थेट दाढेत वाजत होता. सहन केला. संघपालचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की दुखत नाही. कमी दुखतं.

१८ एप्रिल
रविवारी संघपालच्या नव्या घराचा गृहप्रवेश. मेच्या आधीच संधी. ज्योत्स्नाला सांगितलं, पेटीतला सगळ्यात वाईट पीस बांध. बघवणार नाही असा. ती म्हणाली, "अवो, माही सख्खी बहीण हाय त्या घरात." मी ठाम राहिलो. शेवटी म्हणाली, "मंग उद्या माह्या नावानं बोंबलू नका."

२० एप्रिल
आहेर मी स्वतः दिला. दोन्ही हातांनी. फोटोही काढायला लावला. आहेर देताना इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

२ मे
पट्टा एक भोक आत आला. रामप्रसादकडे निघालो. पेटी उघडली. सगळे पीस चमकणारे. चमक नसलेला नाही.
ज्योत्स्नाला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, "त्यो गोनपाटासारखा? संघपालभाऊला दिला की. चुरगळलेला, चमक न्हाई, रंग उडाल्यावानी. त्याच्यापेक्षा वाईट पेटीत काहीच नव्हतं."
तिला खरं सांगायचं तर दाढ सांगावी लागते.

२ मे, दुपारी
संघपालला फोन केला. पिसाची अदलाबदल झाली म्हणायचं ठरवलं होतं. मी बोलण्याआधीच म्हणाला, "साडूभाऊ, तुमचा पीस लगेच शिवाया टाकला बराबर!" अभिनंदन केलं.

३ मे
विचारांती बरंच झालं. लिनन त्याला शोभणार नाही. तीर्थपुरीचा टेलर बिघडवेल. लोक हसतील. बदला पूर्ण होईल, तोही मी न शिवता.
पेटीतला एक कॉफी कलर उचलून रामप्रसादकडे टाकला. चमकतो. दुरून बरा दिसेल.

११ मे, संध्याकाळी
लग्न लागलं. सकाळी उजवा गाल सुजून आला. ज्योत्स्नाने आधी गालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
संघपाल लिननमध्ये आला. कुणी हसलं नाही. शिलाई उत्तम. मला भर मांडवात मधे ओढलं आणि म्हणाला, "हे माह्या साडूनं दिलं. मला सारे पेटीतलं उचलून देतेत. दुकानात जाऊन, माह्यासाठी म्हणून आजवर कुणी कापड घेतलं न्हाई. मी ह्यांची पंगतीत मस्करी केल्ती, अन् ह्यांनी हे दिलं." त्याचे डोळे भरले होते. मग मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही.
लिनन खरंच थंड असतं. सुजलेला गाल त्याच्या खांद्यावर होता, तेव्हा कळलं.