बार बापूभावजींचा नव्हता

१८ जाने. २००४, रवि.
मोहोर यंदा चांगला. ह्यांचा चेहरा त्याहून चांगला. फवारणीचा पंप दोनदा बंद पडला तरी कुणावर खेकसले नाहीत, म्हणजे बघा.
गडग्यापलीकडे बापूभावजींच्या विहिरीला काळा दगड लागला. आता सुरुंगच. सुरुंगवाला बाहेरगावचा, पण बार उडवायच्या आधी हाळी द्यायची भावजींनी स्वतः. गडग्यावर चढून, "वैनीऽ, काकीला आत घ्या, बार हाय!" काकी म्हणजे आमच्या आई, माझ्या सासूबाई. आज आई दारापुढच्या खळ्यातून हलेनात. "बापूचा बार मला काय खातोय?" शेवटी भावजीच गडगा ओलांडून आले, हाताला धरून आत नेलं, बार उडेपर्यंत जवळ बसले. वर चहा पिऊन गेले. ह्यांचा चुलतभाऊ, पण चुलत म्हटलेलं दोघांनाही आवडत नाही.

२० जाने., मंगळ.
नीट लिहिता येणार नाही.
सकाळी रत्नागिरीला शाळेत नववी ब वर तास चालू होता. एकदम धाड्-धाड्. खिडक्यांच्या काचा वाजल्या, मागची एक फुटली. पोरं बाकांखाली. शिपाई म्हणाला गॅसचा सिलिंडर, मुख्याध्यापक म्हणाले बंदरावर काहीतरी. तेवढ्यात घरून फोन. आई पडल्या.
खळ्याच्या वरच्या पायरीवर कुळीथ पाखडत बसल्या होत्या. आवाजाला दचकून उठल्या, तोल गेला, खाली आल्या. कमरेचं हाड. जीपमधून रत्नागिरीला आणलं, मी थेट दवाखान्यात गेले.
हे भयंकर संतापलेत. "हाळी न देता बार उडवला. सांगायची सुद्धा तसदी घेतली नाही." भावजी जीपच्या मागे धावत होते म्हणे. "दादा, मी आज बार घातलाच नाय. सुरुंगवाला आलाच नाय आज." ह्यांनी जीपचं दार ओढून घेतलं.

२१ जाने.
उद्या ऑपरेशन. सुमन (बापूभावजींची बायको) एसटीनं डबा घेऊन आली. मऊ भात, मेतकूट, वर तुपाची वाटी वेगळी. ह्यांनी दारातूनच परत पाठवली. मी आत आईंपाशी होते. बाहेर येईतो ती जिना उतरून गेली होती. हाक मारता आली असती.

२३ जाने.
ऑपरेशन पार पडलं. अर्धा दिवस शाळेत गेले.
शिक्षकखोलीत साळवीबाई सांगत होत्या, मंगळवारी हातखंब्याला त्यांच्या म्हशीनं दावं तोडलं आवाजानं. आरे-वाऱ्याकडून येणारे एक सर म्हणाले, आमच्याकडे तर वाटलं डोंगर आला खाली. सगळीकडे एकाच सुमाराला.
मी मस्टरवर सही करत होते. पेन तिथंच थांबलं.
विहिरीतला बार एवढ्या लांब हातखंब्याला कसा ऐकू येईल? आणि शाळेत मी ऐकला तो? विहिरीतला बार पायांना कळतो, एकच ठोका, जमिनीतून. हा वरून आला. दोनदा. काचा वाजल्या, जमीन नाही.
विमान. समुद्रावरून गेलेलं लढाऊ विमान, आवाजापेक्षा वेगानं.
मीच शिकवते हे! फळ्यावर त्रिकोण काढून. विमान स्वतःच्या आवाजाच्या पुढे पळतं, मागच्या लाटा एकीवर एक चढतात आणि एकदम येऊन आदळतात. एक नाकाची, एक शेपटीची, म्हणून दोन ठोके. होडी निघून गेल्यावर तिची लाट काठावर येते तसं. पोरांना वाटतं वेगाची हद्द ओलांडताना एकदाच धडाका होतो. तसं नाही, विमान त्या वेगात असेतो आवाज खाली गावोगाव फरफटत जातो. प्रत्येक गाव ही जोडी एकदाच ऐकतं आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याच दारात वाजलं. विमानात बसलेल्याला मात्र ऐकूच येत नाही.
तीन दिवस मला सुचलं नाही. फळ्यावरचं फळ्यावरच राहतं माझं.
संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात ह्यांना सगळं सांगितलं. ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणाले, "शाळेतलं शाळेत ठेव. माझी आई आत पडलीय."

२५ जाने., रवि.
देवळात गावकी बसली. भावजी म्हणतात बार घातला नाही, हे म्हणतात घातला. मग देवीलाच कौल लावून विचारायचं ठरलं. ह्यांनी गाऱ्हाणं घातलं. गुरवानं देवीला दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या लावल्या, "बापूकडं दोष असेल तर उजवी दे."
उजवी पडली. पटकन पडली.
विमान होतं का, असं कुणी विचारलंच नाही. देवीला जे विचाराल त्याचंच ती उत्तर देणार. मी बायकांत उभी होते, खांबाला टेकून. गावकीत बायका बोलत नाहीत. पण मी काय त्याच्यासाठी गप्प बसले? ह्यांचा चेहरा बघून गप्प बसले. चार दिवस झोप नाही, दाढी वाढलेली, आणि पाकळी पडली तेव्हा पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेतला त्यांनी. मला तो श्वास मोडवेना.
तात्यांनी (गावचे मानकरी) निवाडा सांगितला. काकी स्वतःच्या पायानं चालायला लागेपर्यंत बापूच्या खळ्यात शिमग्याची पालखी जायची नाही.
भावजी उठले. चपला विसरूनच गेले.

१ फेब्रु.
विहिरीचं काम बंद. गडी येत नाहीत, दोष लागलेल्या जागेत कोण उतरणार.
आज हे बागेत गेल्यावर मी गडगा ओलांडला. सुमननं पाट दिला, पाणी दिलं, पण बोलली नाही. एरवी तिचं तोंड एकदा सुरू झालं की मला शाळेला उशीर होतो. भावजींना सगळं सांगितलं. विमान, लाटा, हातखंब्याची म्हैस. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले,
"वैनी, विहीर पाडायच्या आधी जागेच्या राखणदाराला नारळ द्यायचा राहिला माझा. देवीनं तोच दोष दाखवला."
म्हटलं, अहो पण बार तुम्ही घातला नव्हता ना?
"नव्हता."
मग?
"विमान म्हणताय ते तरी कुणी धाडलं मग?"
हे नववीच्या पुस्तकात नाही. मी विमान घेऊन गेले होते त्यांना सोडवायला. त्यांनी तेही स्वतःच्याच डोक्यावर घेतलं.
खरं माझं चुकलंच. पाकळी पडायच्या आधी सांगायचं ते पाकळी पडल्यावर सांगायला गेले.

८ फेब्रु.
आई घरी. लोखंडी वॉकर आणलाय, त्याला त्या "घोडा" म्हणतात. सकाळी ह्यांच्या देखतच म्हणाल्या, "वरनं आला गो आवाज. आभाळ फाटल्यागत. बापू का येत नाय रे बघायला?"
दवाखान्यात कुणी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. आता सांगावं लागलं. ऐकून घेतलं. ह्यांना म्हणाल्या, "मेल्या, पडले मी. मला नको विचारायला?"
हे उठून बागेत गेले. जेवायला आले नाहीत.

९ फेब्रु.
हे स्वतःहून म्हणाले, "तू म्हणतेस ते विमानाचं खरं असेल." मी वाट बघितली. मग म्हणाले, "पण आता देवळात जाऊन काय सांगू? देवी चुकली?"
देवी नाही हो, प्रश्न चुकला. तोंडावर आलं होतं. ह्या वेळी मी बोलले मात्र.
हे पंपाचं नोझल साफ करत बसले.

१५ फेब्रु.
तात्यांकडे जाऊन आले, एकटीच. शाळेतल्या बाई म्हणून खुर्ची दिली. सगळं नीट ऐकलं, हसले नाहीत. "कौल परत लावता येतो. पण ज्यानं गाऱ्हाणं घातलं त्यानंच येऊन मागायला हवा."
म्हणजे ह्यांनी.
घरी येऊन सांगितलं. म्हणाले, "जातो."

२२ फेब्रु.
गेले नाहीत. मोहोरावर तुडतुडे. खरंच आहेत तुडतुडे, खोटं नाही. पण देऊळ बागेच्या वाटेवरच आहे.
आई मात्र हट्टाला पेटल्यात. सकाळ-संध्याकाळ पडवीत घोड्यावरून फेऱ्या. घामानं चिंब होतात. डॉक्टरांनी एवढं सांगितलेलं नाही. मी ओरडले तर म्हणतात, "शिमग्यापर्यंत चालायचंय मला. मी चालले की पालखी बापूकडं जाईल. तुझा नवरा काय हलायचा नाय."
ऐंशीच्या घरातली बाई मोडलेलं हाड घेऊन पडवीत फेऱ्या मारतेय, कारण तिच्या मुलाला चार पावलं देवळापर्यंत जाववत नाहीत. आणि सून विज्ञान शिकवते.

२९ फेब्रु.
"उद्या जातो."
मी भांडले. लग्नानंतर इतकी कधी भांडले नव्हते. शेवटी हे म्हणाले, "मी गेलो तर त्याला तोंड कसं दाखवू? चुकलो तर चुकलोच राहू दे." हे काय उत्तर झालं? पण आवाज रडका होता.

६ मार्च, होळी.
हे आज देवळात गेले होते. म्हटलं, आता कौल मागतील. परत आले तर हातात फक्त अंगारा. तात्या माणसांत होते म्हणे, बोलायला जमलं नाही.

८ मार्च
पालखी आली.
सुमननं पहाटेच खळं सारवलं होतं. रांगोळी, समई, ओटीचं ताट. येणार नाही माहीत असून. मी इकडून बघत होते. आमचं खळं सारवायला माझे हात उठेनात.
ढोल वाजत पालखी वाडीत शिरली. आई सकाळपासून नवीन लुगडं नेसून तयार. घोडा घेऊन पडवीच्या कडेपर्यंत गेल्या. पुढे खळ्यात उतरायच्या पायऱ्या. त्याच पायऱ्या. पाय टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला. मी धरायला गेले तर हात झटकला, "धरलंस तर चालले म्हणतील काय?"
तेवढ्यात पालखी भावजींच्या दारावरून पुढे निघाली. थांबली नाही. भावजी रांगोळीपाशी उभे होते, हात जोडून, मान खाली.
मग पालखी आमच्याकडे आली. ह्यांनी खांदा दिला. दरवर्षी नाचवताना हसतात, आज नुसते उभे. देवी खांद्यावर, तात्या समोर. ह्यांचं तोंड उघडलं, मिटलं. ढोलवाल्यांना वाटलं ह्यांच्या अंगात आलंय, त्यांनी जोर केला.
आई पायरीवर बसून राहिल्या. ओटी मी भरली. देवीला काय मागावं कळेना. नुसतं पुटपुटले, बार त्यांचा नव्हता. ढोलात मलाही ऐकू गेलं नाही.

२८ मार्च
सुमन बोलली. पाण्याच्या हंड्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता. ती दोघं मुंबईला मुलाकडे चाललीत. "थोडे दिस." घराला कुलूप लावणार. आंब्याची कलमं दुसऱ्याला खंडानं दिली. थोड्या दिवसांसाठी कुणी कलमं खंडानं देत नाही.
मी म्हटलं, सुमन, मी त्या दिवशी देवळात बोलायला हवं होतं.
"व्हय," म्हणाली. हंडा उचलून गेली. एवढंच. बरोबरच आहे.

४ एप्रिल
आज गेली दोघं.
निघताना भावजी आमच्याकडे आले. गडग्यावरून नाही, पुढच्या वाटेनं, पाहुण्यासारखे. आई पडवीत बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.
"काकी, माझ्या दोषानं झालं. माफ कर."
आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला गेल्या, पण रडूच फुटलं. मला वाटलं आता हे बोलतील. खरंच वाटलं. हे दोन पावलं पुढे आले. म्हणाले,
"बापू, हातखंब्याला गाडी किती वाजता?"
भावजी म्हणाले, "अकराची हाय, दादा."
"मग निघायला हवं."
मी मागून फाटकापर्यंत गेले. म्हटलं, भावजी, तो बार तुमचा नव्हता, आम्हाला माहीत आहे. ह्यांनाही माहीत आहे.
भावजी थांबले. हे मागे पडवीत उभे होते, त्यांच्याकडे एकदा बघितलं. "दादाला माहीत हाय?"
हो म्हटलं.
भावजींनी सुमनची पिशवी घेतली आणि चालायला लागले.
नसतं सांगितलं तर बरं झालं असतं का? देवीनं दिलेला दोष त्यांनी सोसला होता. दादाला माहीत होतं, हे कसं सोसतील?
न केलेल्या गोष्टीची माफी त्यांनी मागितली आणि आम्ही ती ठेवून घेतली.

११ एप्रिल
आंबा उतरवायला सुरुवात. हे दिवसभर पेट्या भरताहेत. दुपारी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ते विमानाचं मला नीट समजावून सांग."
करंडीशेजारी मातीत काडीनं रेघा ओढून सांगितलं. दोनदा विचारलं, "म्हणजे त्या वरच्याला काही पत्ताच नसतो?" म्हटलं, नसतो. खालीच काय ते होतं.
हातातला आंबा पेटीत ठेवला. मग म्हणाले, "मी कौल मागतो परत. पण आधी बापूला सांगतो. फोन लाव."
मी उठले. फोनपाशी आले, वही काढली, पानं उलटली. नंबर नाही. त्यांच्या मुंबईच्या मुलाचाही नाही. घरचा माणूस, गडग्यावरून हाक मारली की येणारा, नंबर घ्यायची कधी वेळच आली नाही. कुणाकडे असेल विचारायला हवं.
हे दारात येऊन उभे होते. "लागला काय?"