भाऊजींच्या इंजिनावरची खरपुडी

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो.

पार्सल उघडण्याआधी हे वाच. आत जे आहे त्यासाठी मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे भाऊ नुसता घासत बसतो असं तू पुन्हा म्हणणार नाहीस. बेअरिंग ओढून काढायचा पुलर मी केला, सायकलच्या जुन्या एक्सलपासून. लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीला, ओरखडा न पडता ती बाहेर ढकलायची लाकडी दांडी मी केली. पितळी ब्रश केला, एकेक तार ओवून. इंजिन उकळायच्या भांड्याचं झाकण केलं, मधोमध थर्मामीटर बसेल असं. इंजिन उभं राहावं म्हणून छोटी घोडी केली, ती पार्सलमध्येच आहे. यातलं काही बाजारात मिळत नाही, आणि मिळालं असतं तरी मी घेतलं नसतं.

भाऊजींच्या छंदाच्या छोट्या विमानाचं हे मुठीएवढं इंजिन तू त्यांच्या नकळत बिस्किटांच्या डब्यातून पाठवलंस, तेव्हा मला ते ओळखूच येईना. इंधनातलं एरंडेल वर्षानुवर्षं जळून आतबाहेर अशी खरपुडी धरली होती, की करपलेलं पातेलं बरं. लोक अशा वेळी कॉस्टिक सोडा ओततात आणि अॅल्युमिनिअम खाऊन टाकतात. मी गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं कूलंट वापरतो, मंद आच देतो आणि धीर धरतो. पातेलं माझं वेगळं आहे. बायकोने ते मागच्या अंगणात हद्दपार केलंय, तरी तिथूनही नाकात जातं म्हणते.

आता पिस्टनमध्ये तोंड बघून घे. तू म्हणालीस, ऑपरेशनला इतके महिने झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी भाऊजी मैदानाकडे फिरकत नाहीत, खुर्चीतच बसून असतात. इंजिन मळलंय म्हणून मन होत नसेल, असं तुझं म्हणणं. तर आता ते कारण उरलं नाही.

माया आहेच, ती पार्सलच्या आकारावरून मोजू नकोस.
तुझा,
मिस्त्री


ता. १२ जून

चि. मिस्त्रीस,
अनेक आशीर्वाद. पार्सल मिळालं, आणि त्यानंतर घरात जे झालं त्याचा मला काही अर्थ लागत नाही.

मी डबा त्यांच्या हातात दिला. वाटलं, हसतील. त्यांनी इंजिन बाहेर काढलं, अंगठ्याने दोनदा फिरवलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, की हे माझं नाही. मला आधी चेष्टाच वाटली. मग मी सगळं सांगून टाकलं, डबा कसा भरला, तुला कसा पाठवला. तर त्यांनी विचारलं, मिस्त्रीकडे याच मेकचं दुसरं आहे का. मी भोळी, हो म्हटलं. वहिनीने सांगितलं होतं ना, दोन्ही एकाच भांड्यात शिजतायत म्हणून.

मग त्यांनी ते फळीला आवळलं आणि चालू करायला दुपारपर्यंत पुढच्या पंख्याला बोट मारत बसले. फुसकन आवाजसुद्धा नाही. शेवटी हात पुसले, विमान कपाटावर ठेवून दिलं आणि मैदानाचा विषय आता संपला म्हणाले. पूर्वी निदान इंजिन मांडीवर घेऊन बसायचे, आता रिकाम्या मांडीने बसतात. मी त्यांच्या भोवतीने झाडते आणि स्वतःलाच बोल लावते, की घरातल्या सगळ्या वस्तू घासून झाल्या होत्या तर गप्प बसायचं होतं.

रागावू नकोस, पण खरं सांग. ते त्यांचंच आहे ना?

वहिनीला आशीर्वाद. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, प्रश्न विचारला म्हणून.
तुझी,
ताई


ता. १७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. तुझं 'खरं सांग' मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. मी कुणाची टाचणी उचललेली नाही आणि इंजिनाची अदलाबदल केली म्हणे! ती म्हणाली, केली असेल असं कोण म्हणतंय, झाली असेल असं म्हणतायत. त्यावर मला आठवलं, की एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती.

दोन्ही इंजिनांचे भाग वेगळे राहावेत म्हणून मी दोरे बांधले होते. भाऊजींच्या भागांना लाल, माझ्या भागांना पांढरा. भांड्यातून काढले तेव्हा लाल दोऱ्याचा रंग पार उतरला होता आणि दोन्ही दोरे सारखेच हिरवट झाले होते. मी नजरेने वेगळे केले. माझी नजर कधी चुकत नाही म्हणून त्याचं काही वाटलं नाही. तुझं पत्र आल्यापासून मात्र झोपताना डोळ्यांपुढे दोरेच दिसतात.

म्हणून काल माझं इंजिन उघडलं. त्याच्या पिस्टनच्या खालच्या काठाला माझ्याच कानशीचा एक जुना चरा आहे. चरा जागेवर आहे. लायनरलाही माझी खूण आहे. म्हणजे माझं ते माझंच, आणि तुमच्याकडचं भाऊजींचंच. चोरी नाही, चूक नाही.

मग ते चालत का नाही? मी बसवलं तेव्हा पंखा हलका फिरत होता, पण मला वाटलं, साफ झालंय म्हणून फिरतोय. माझं इंजिन त्याच भांड्यातून, त्याच कूलंटमधून निघालं आणि पहिल्या झटक्याला चालू होतं. ताई, डोकं चालेनासं झालंय. असं मी कधी लिहिलंय का?

भाऊजींना एवढं सांग, की मिस्त्री शोधतोय. अबोला धरायचा तर माझ्याशी धरा म्हणावं, मैदानाशी नको.
तुझा,
मिस्त्री


ता. २३ जून

चि. मिस्त्रीस,
आशीर्वाद. तू चोर आहेस असं मी म्हटलेलं नाही. तुझ्या बहिणीला पत्रात फोडणी घालायची सवय आहे.

तुझा चऱ्याचा पुरावा वाचला, मान्य आहे. तरीही हे इंजिन मी ओळखत नाही. माझं, पिस्टन वरच्या टोकाला आला की अडायचं, बोटाला मागे ढकलायचं. हे लोण्यातून फिरल्यासारखं फिरतं. दिसायला एखाद्या नवरदेवासारखं आणि अंगात जोर नाही.

मी ते बाहेरून फडक्याने पुसायचो, पण आत कधी हात घातला नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याने बजावलं होतं, की चालतंय तोवर उघडू नकोस. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तू तरी मला विचारायचं होतंस, पण तुला विचारायची सवय नाही. स्वतः शिकलेल्या माणसाची हीच अडचण असते.

आणि मैदानाचं म्हणशील तर मळाचा काही संबंध नव्हता. ऑपरेशनपासून मला भीती वाटते. दोऱ्या धरून गोल फिरत विमान उडवायचं आणि मध्येच छातीत काही झालं तर? पण इंजिन अंगठ्याने फिरवलं की ते मागे ढकलायचं, आणि वाटायचं, याच्यात अजून दम आहे, जाऊ एखाद्या रविवारी. आता तेही नाही.

इंजिन सोबत पाठवतोय. तुझी घोडीही. तिच्यात दोष नाही.
वहिनींना आशीर्वाद. राग मनात ठेवू नकोस, मीही ठेवत नाही.
तुझा,
भाऊजी


ता. २९ जून

ती. भाऊजींस,
शि. सा. न. इंजिन पोचलं. तीन संध्याकाळी मी मापं घेतली आणि प्रत्येक मापाने मला आणखी गोंधळात टाकलं. शेवटी काही सुचेना म्हणून नुसतं एरंडेलाचे दोन थेंब आत सोडले आणि पंखा फिरवला. त्याने माझ्या बोटाला ढकललं. पुन्हा ढकललं. मग तेल सरकलं आणि परत लोणी.

तेव्हा कळलं, तेल फट भरत होतं. लायनर वरच्या टोकाला झिजलाय, केव्हापासून कोण जाणे. झिजलेल्या जागेत जळकं एरंडेल थराथराने बसत गेलं आणि पिस्टन त्याच्यात बेताबेताने आपली जागा करत गेला. तुमच्या बोटाला जे ढकलायचं ती खरपुडीच होती. मी ती पितळी ब्रशने काढली आणि वर ताईला पिस्टनमध्ये तोंड बघायला सांगितलं.

या इंजिनाचा लायनर आता मिळत नाही. तितका बारीक मेळ माझ्या लेथवर जमणार नाही, हे लिहायला मला तीन कागद लागले. एकच उपाय दिसतो, की ते पुन्हा मळवायचं. मळ काढायचं मला कळतं. बसवायचं कसं ते तुम्हाला माहीत असेल, कारण तुम्ही एकदा केलंयत, नकळत का होईना. इकडे या. खुर्ची इथेही आहे, बसलात तरी चालेल.
येण्याचं कळवलं नाहीत तरी रागावणार नाही, फक्त या.
आपला,
मिस्त्री


ता. २० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. भाऊजी बरे आहेत, औषधं वेळेवर घेतात आणि माझ्या बायकोच्या हातचं तुझ्यापेक्षा जास्त जेवतात. हे त्यांनी लिहू नकोस म्हणून सांगितलंय.

अंगणातल्या फळीवर रोज सकाळी इंजिन चालतं. पहिले काही दिवस चालतं म्हणणं धाडसाचं होतं, नुसतं खोकायचं. भाऊजी इंधनात इतकं एरंडेल घालतात की माझ्याच्याने बघवत नाही. शिवाय मुद्दाम तापवतात, तेल जळलं पाहिजे म्हणतात. मी सवयीने फडकं घेऊन जवळ गेलो, तर त्यांनी ते काढून घेतलं आणि त्याच्यावर बसले. बायको खिडकीतून म्हणाली, इतकी वर्षं याला स्वच्छतेचं वेड होतं, आता दोघं मिळून घाण करतायत, आणि तीही चोख.

मग एका सकाळी ते अडलं. भाऊजींनी अंगठ्याने फिरवलं आणि ते मागे आलं. त्यांनी माझा अंगठा धरून त्यावर ठेवला.

काल मैदानावर गेलो. विमान मी धरून सोडलं, दोऱ्या त्यांच्या हातात होत्या. थोड्याच फेऱ्या मारल्या, उतरवलं आणि गवतात बसले. मी धावलो, तर म्हणाले, छातीत धडधड आहे पण ती आपलीच आहे. चेहऱ्याचा रंग चांगला होता, मी नीट पाहिला. पुढचे रविवार इथेच राहतो म्हणतात. तू ये, म्हणजे त्यांचं जेवण आटोक्यात राहील.

एवढं सगळं झालं तरी माझं काही ताळ्यावर आलेलं नाही. आज सकाळी ते इंजिन हातात घेतलं, तपकिरी, चिकट, वास मारणारं. ते बिघडलंय की दुरुस्त झालंय, मला नक्की सांगता येईना. हात मात्र ब्रशकडे जात होता.
भावाला वेडा म्हण, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तुझा,
मिस्त्री

ता. क. मैदानावर एक जुनी इंजिनं जमवणारा गृहस्थ भेटला. माझं चकचकीत इंजिन पाहून मागेच लागला. त्याच्या घरी काचेची कपाटं भरून खरपुडी धरलेली इंजिनं आहेत, ती सगळी मी साफ करून द्यावीत, पुढच्या आठवड्यापासून रोज. ती चालवायची नाहीत, नुसती शोभेची आहेत, असं त्याने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, आत काय कशाच्या आधारावर उभं आहे ते आधी बघावं लागेल. तो म्हणाला, बघायचं काय, घासायचं. मी नाही म्हटलं. रविवार मोकळे हवेत म्हणून, की दुसऱ्या कशासाठी, ते बायकोलाही समजावता आलं नाही. एक लाख ऐंशी हजार देत होता.