तिसऱ्यांदा लावलेला कौल

सर, "नको असलेली फांदी काढली नाहीस म्हणून ती झाडाला नसते असं नाही," तुम्ही माझी वही परत देत म्हणाला होतात. नाणं तीनदा उडवायचं होतं, आणि तिन्ही वेळा काटा पडण्याची फांदी मी वृक्षाकृतीत काढलीच नव्हती. गोवा घटकराज्य झाला ते वर्ष. आपल्या कोरगावच्या शाळेच्या कुंपणावर आधी मराठीच्या घोषणा होत्या, मग त्यांच्यावर कोणी कोकणीच्या रंगवल्या. तुम्ही दोन्हींकडे पाठ करून फळ्यावर फांद्या काढत होतात. दोन, चार, आठ. तीनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची शक्यता आठातली सात. "तेव्हा तो पडला तर नाचू नका," तुम्ही म्हणालात.

त्याच आठवड्यात आई मला देवळात घेऊन गेली. तुम्ही गाभाऱ्यासमोर उभे आहात, शेजारी तुमची बायको. पणजीच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन लगेच करायला सांगितलंय, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबू का, असं तुम्ही देवाला विचारता. भटजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडते.

"पाकळी सारकी चिकटलीच नाय," तुम्ही म्हणता. "परत लावा."

परत डावी.

"देव सांगता ता आयका," तुमची बायको हळूच म्हणते. "पुरे झाला."

तुम्ही पुन्हा लावायला सांगता. तिसऱ्यांदा उजवी पडते. भटजी ती तुमच्या ओंजळीत ठेवतात, आणि तुम्ही मोठा श्वास सोडता. तुमची बायको तिकडे बघत नाही. वळताना तुम्हांला माझी हलणारी बोटं दिसली.

"काय मोजतंय गो चेडवा? देवळात तरी गणित सोड."

आई हसली. मी म्हटलं, "काय नाय, सर."

मग रोज थोडं थोडं होत गेलं. तुम्ही जिन्यात मध्येच थांबून नोटीस बोर्ड वाचू लागलात, त्यावर काही नसलं तरी. फळ्याच्या वरच्या भागात लिहिणं बंद केलंत. वर्गातली मुलं म्हणायची, सर बुटके झाले. आम्ही हसायचो. पूर्वपरीक्षेनंतरच्या एका दुपारी तुम्ही गणित अर्धं टाकून खडू टेबलावर ठेवलात आणि खुर्चीत बसलात. आम्ही पेनं उघडी धरून पुढच्या ओळीची वाट पाहत राहिलो. तुम्ही पुन्हा उठला नाहीत, आणि बराच वेळ आमच्यातलंही कोणी उठलं नाही.

आई शेजारी होती, देऊळ होतं, लहान मुलीने काय बोलायचं, असं मी इतकी वर्षं सांगत आले, नवऱ्यालासुद्धा. पण तुम्ही इस्पितळात गेलात तर परीक्षेपर्यंत आम्हांला गणित कोण शिकवणार, ही धास्ती मला होती. दुसरी डावी पडली तेव्हा मीही मनात म्हटलं होतं, परत लावा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून मागते. मी तेव्हा बोलले असते तरी तुम्ही ऐकलं नसतं, एवढं मला एकदा सांगा. तुम्ही सांगणार नाही, सर. खोटं उत्तर तुम्ही कोणाला कधी दिलं नाहीत.